दर तिसऱ्या जागी

१० नोव्हेंबर १९९१, रविवार

ही वही ह्यांच्यासाठी आणलेली होती. पस्तिशी यायच्या आतच ह्यांचे कान गेले. मग जे सांगायचं ते मी लिहून दाखवायचे. मी चौथी शिकलेली, पण ‘मीठ संपलंय’पासून ‘तुमचा भाऊ खोटं बोलतोय’पर्यंत सगळंच लिहावं लागायचं, म्हणून हात वळला. लिहिता लिहिता वाचायची गोडी लागली. लाकडाच्या डेपोतून येताना ते रद्दीतली मासिकं आणायचे, पानं फाटलेली पुस्तकं आणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. वही अर्धी कोरी राहिली होती. ऐकणारं कोणी नाही, पण ह्यांनी तरी कधी ऐकलं होतं? वाचायचे.

आज सून केशर माहेराहून, बाळंतपणाहून आली. तिचा भाऊ लखू गुंदहून सोडायला आला होता. मुलगी तीन महिन्यांची. नाव सावित्री ठेवलंय, पण सगळे बाळीच म्हणतात. डोळे ह्यांचे. बुबुळाभोवती जिथं पांढरं असतं तिथं फिकट निळसर, धोतराला नीळ जरा जास्त झाल्यासारखं. शेजारची बायजा बघून म्हणाली, “इंदाक्का, घरचा शिक्का मारूनच आल्या गे पोरगी!” तिच्या बापाचे, माझ्या परशूचे डोळेही तसेच, पण परशू माझ्याकडे बघतो कुठं? ही टक लावून बघत होती. मला फार बरं वाटलं.

हातपाय मात्र बारीक आणि मऊ. विहीणबाईंनी नुसती पाण्यातून काढलेली दिसते. उद्यापासून मी न्हाऊ घालणार.

१३ नोव्हेंबर

सुप्याचं घर धरणात गेल्यावर आम्ही रामनगरात आलो. तेव्हापासून इथल्या एकतीस पोरांना मी न्हाऊ घातलंय. हे गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही, ओटी भरायचा तर प्रश्नच नाही. पण घरात बाळ आलं की दारात येऊन उभे राहतात, “इंदाक्का, हात लावायला या.” तेवढा मान राहिलाय. तो मला हवासा वाटतो, हे इथं लिहायला हरकत नाही.

न्हाणीत पाट घ्यायचा, पाय लांब सोडायचे, पोर नडग्यांवर पालथं घालायचं. कोमट खोबरेल मानेपासून टाचेपर्यंत. मग उताणं करून दोन्ही हात छातीवर कात्रीसारखे फिरवायचे, उजवा पाय डाव्या खांद्याला आणि डावा उजव्याला लावायचा. शेवटी घोटे धरून एकदा उलटं उचलायचं, की पाठ मोकळी होते. पोर रडतं. रडल्यानं छाती उघडते. मी आपली गाणं म्हणत राहते.

बाळी फार रडली. केशर दाराशी पदर पिळत उभी होती. म्हणाली, “आत्ती, वाईच हळू.”

“तुला काय कळतंय?” मी म्हटलं. “पैलंच पोर तुझं.”

२१ नोव्हेंबर

दुपारपासून बाळी उजवा पाय हलवेना. लंगोट बदलायला पाय धरला की किंचाळायची. परशूनं रजा टाकून इथल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मांडीचं हाड मोडलंय. विचारलं, “कुणी पाडलं?”

सकाळी न्हाऊ घातल्यावर बाळी झोपली ती केशरजवळ. नंतर केशर तिला झोळीत घालून ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. परशूनं तेच धरलं.

“ओढ्यावर पडली काय? खरं सांग.”

“न्हाई पडली हो. देवाशपथ न्हाई.”

“मग हाड काय आपापल्यानं मोडलं?”

मी काही बोलले नाही. मला वाटतं पडलीच असेल. वयानं लहान आहे केशर, घाबरून सांगत नसेल. मीही एके काळी सून होते. परशू आठ महिन्यांचा असताना त्याचा हात मोडला होता. सासूबाई म्हणाल्या, तू पाडलंस. मी पाडल्याचं मला आठवत नव्हतं, पण काम इतकं असायचं की आपल्याच लक्षात राहिलं नसेल असं समजून मी गप्प बसले. अजूनही तसंच समजते. तेव्हा केशरला मी जास्त बोलणार नाही.

१९ डिसेंबर

प्लास्टर काढलं. हाड लवकर जुळलं, डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण पाय आखडून घेते. तेलाचा हात लागल्याशिवाय सुटायचा नाही. आठवडाभर थांबून परत सुरू करीन.

८ जानेवारी १९९२

आज डावा दंड मोडला. सकाळी न्हाऊ घातल्यावर हलवेना. केशर म्हणते, आपण गोठ्यात होतो. परशूनं ऐकून घेतलं नाही. बायजा येऊन चुलीपाशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “आपटत असंल गे. न्हवऱ्यावरचा राग पोरावर निघतोय. सांगायचं काम माझं.” ती सगळ्या गल्लीत सांगणार, हे मला माहीत आहे. मी तिला थांबवलं नाही.

केशर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत होती, परशूकडे नाही. का ते कळलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

परशूनं केशरला गुंदला धाडलं. पोर इथं ठेवून.

“दोन महिने लांब ऱ्हा. पोराची हाडं जुळू देत,” म्हणाला. मी म्हटलं, पाच महिन्यांचं पोर आईशिवाय कसं राहील? “तू हाईस की आये. तुझ्या हातनं एकतीस पोरं वाढलीत.” हे ऐकून मला आत कुठंतरी बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण लाज वाटण्यासारखंच आहे.

बसपर्यंत मी गेले होते. केशर रडली नाही. तिची चोळी दुधानं ओली झाली होती आणि पदरानं ती झाकत होती. खिडकीतून एवढंच म्हणाली, “आत्ती, तिला काखंत धरून उचलू नकासा.”

१४ जानेवारी

संक्रांत. गाईचं दूध पाणी घालून चमच्यानं देते. अर्धं ओघळतं. आज जेमतेम वाटीभर गेलं.

१८ जानेवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी ऊन न्हाणीत आलं होतं. घरात मी आणि बाळी दोघीच. डाव्या हाताला प्लास्टर, म्हणून तो ओला न करता नुसते पाय चोळत होते. डावा पाय उजव्या खांद्याकडे नेला. जोर केला नाही. रोज जेवढा करते तेवढाच. आवाज झाला. वाळलेली काटकी पायाखाली यावी तसा. माझ्या बोटांना तो आधी कळला, कानाला नंतर.

बाळी आधी रडलीच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मग रडली.

मी तिला तशीच ओल्या अंगानं पंच्यात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. परशू आल्यावर मी सांगितलं, “पाळण्याच्या दांडीला पाय अडकला.” खोटं बोलले. तो म्हणाला, “केशर न्हाई हितं, तरी कसं मोडतंय?” आता इथल्या नाही, बेळगावच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणतो.

२१ नोव्हेंबरला सकाळी न्हाऊ. ८ जानेवारीला सकाळी न्हाऊ. ही पानं मी उलटून बघितली. लिहिलेलं आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

काल बेळगावला गेलो. मुलांच्या डॉक्टर हेरेकरबाई. वय पन्नाशीचं, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी बाळीचा पाय बघितलाच नाही आधी. खालची पापणी हलकेच ओढून डोळा बघितला. मग परशूला म्हणाल्या, “इकडे उजेडात या.” त्याचाही बघितला.

“घरात आणखी कुणाचे डोळे असे?”

“ह्यांचे... म्हणजे हिच्या आजोबांचे,” मी म्हटलं.

“त्यांची हाडं मोडली होती कधी?”

“मनगट दोनदा, पाय एकदा.”

“आणि ऐकायला? लवकर कमी आलं का?”

माझ्या हातात पिशवी होती, ती मी खाली ठेवली. “पस्तिशीच्या आत,” मी म्हटलं. इतकी वर्षं मी ज्यापायी लिहून लिहून सांगत होते, त्या बहिरेपणाचा आणि मोडक्या मनगटाचा एकमेकांशी संबंध आहे, हे एका बाईनं खुर्चीत बसून सांगितलं.

परशूला त्यांनी एक्स-रे आणायला पाठवलं. मग मी जे झालं ते सांगितलं. आवाज झाला तेही, परशूच्या लहानपणच्या हाताचंही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “चांगल्या हाडाच्या मुलाला तुमच्या हातानं काही झालं नसतं. हिची हाडं तशी नाहीत. तुमच्या मुलाचा हात मोडला होता म्हणालात, तेव्हा त्याला न्हाऊ कोण घालत होतं?”

सासूबाई घालत होत्या. त्यांनीच मला शिकवलं.

सत्तावीस वर्षं मी ते माझ्या अंगावर घेऊन हिंडले. आणि तेच उचलून केशरच्या अंगावर घातलं.

मी विचारलं, हाडं अशी का? बाई म्हणाल्या, तुम्हाला वेळ आहे का? मी म्हटलं, आहे. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. हाडात नुसता चुना नसतो. चुना धरून ठेवायला आत दोर असतो, कोलॅजन. तीन धागे एकमेकांभोवती वळून तो होतो. एकेक धागा हजारेक मण्यांचा, आणि त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. मण्यांच्या वीस जाती. त्यांत सगळ्यांत लहान मणी ग्लायसिन. धाग्यात दर तिसऱ्या जागी तोच लागतो, कारण तीन धागे वळताना ती जागा मधोमध आत येते आणि आत दुसऱ्या कुणाला शिरायला वावच नाही.

“आणि तिथं दुसरा आला तर?”

“तिथं पीळ नीट बसत नाही. दोर सैल पडतो. काही दोर शरीर टाकूनच देतं. उरलेल्यांवर हाड उभं राहतं, पण कसंबसं.”

“एका मण्यानं?”

“हजारातल्या एका मण्यानं. तुमच्या घरात नेमकं काय चुकलंय ते इथं तपासता यायचं नाही. पण अशा काही घरांत तपासलं तेव्हा हेच सापडलंय. ते बापाकडून किंवा आईकडून येतं. कुणी करत नाही.”

औषध नाही. मोठी झाल्यावर मोडणं कमी होतं. उचलताना एक तळवा डोक्याखाली, एक ढुंगणाखाली. काखेत धरायचं नाही, पाय ओढायचा नाही. आणि आईचं दूध. “आई कुठं आहे हिची?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहेरी. कारण सांगितलं नाही.

२३ जानेवारी

गोठ्यातल्या दाव्यांसाठी केवणीच्या झाडाच्या सालीचा वाक भिजवून ठेवला होता. आज तीन पेड घेऊन दोर वळायला बसले. एका पेडात मुद्दाम एक चिंचोका घातला. वळत गेले. चिंचोक्यापाशी आल्यावर बोटांना लगेच कळलं. तो बाहेर बसेना, आत जाईना. त्याच्या अलीकडे-पलीकडे चार बोटं पीळ उघडाच राहिला. मग खुंटीला अडकवून ओढलं. तुटला तो तिथंच.

दोराला पाहून एवढं तरी कळलं, की चिंचोक्याच्या जागी मी कितीही जोर लावला तरी पीळ बसणार नाही. जोरानं तो फक्त लवकर तुटेल.

परशू जेवायला बसला होता. मी त्याच्यापुढं तो तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं. बाईंनी सांगितलेलं, आणि पाळण्याच्या दांडीचं खोटं होतं ते. आधी तो पहिल्या गोष्टीलाच अडला.

“म्हंजे माझ्याकडनं आलं तिला?”

“तुझ्या बाबांकडनं तुला, तुझ्याकडनं तिला.”

“आणि मी केशरला...” त्यानं ताट सरकवलं. मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. माझ्याकडे बघितलं. ह्यांच्याच डोळ्यांनी. “आये, तू तवा बोलली का न्हाईस?”

“मला तेव्हा ठाऊक नव्हतं.”

“शनवारी ठाऊक होतं की.”

मी दोराचा तुकडा परत उचलून घेतला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळच्या बसनं गुंदला गेलो. बाळी उशीवर, उशी माझ्या मांडीवर. वळणावळणाला मी पाय घट्ट रोवून बसले होते. परशू सगळी वाट उभाच.

अंगणात भात वाळत घातलं होतं. विहीणबाई रुक्माबाई राखण करत बसल्या होत्या, हातात काठी, कोंबड्या हाकलायला. उठल्या नाहीत.

“आलासा? पोर मोडून झालं, आता काय टाकायला आणलंय?”

“अव्वा, गप,” आतून केशरचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं बाळीला उशीसकट घेतलं आणि तिथंच पायरीवर बसून पदराखाली धरलं. सोळा दिवसांनी. बाळीनं धरलं की नाही ते आम्ही तिघंही बघत होतो. धरलं. केशरनं डोळे मिटून घेतले.

मी उभ्यानंच बोलले. बसून बोलले असते तर बोलणं वळवलं असतं. म्हटलं, “केशरनं काही केलं नाही. तिन्ही वेळा माझ्या हातानं मोडलं. रोग आमच्या घरचा आहे, आणि हात माझा.”

रुक्माबाईंच्या हातातली काठी थांबली. कोंबड्यांनी भातावर ताव मारला तरी कुणी हाकललं नाही. लखू विहिरीवरून आला होता, तो घागर घेऊन तसाच उभा.

केशर म्हणाली, “मला म्हायत होतं, आत्ती.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या बारीला. गोठ्यातनं ऐकलं मी. पैला पोर वरडलं, मग तुमी गाणं म्हणायचं थांबलासा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की पैल्या दिवशीच. तुमी म्हणालासा, तुला काय कळतंय.”

परशू कुंपणाकडे तोंड करून उभा होता. रुक्माबाई एवढंच म्हणाल्या, “जावईबापू, च्या घेनार काय?” आणि आत गेल्या. राग होता, पण चहा ठेवला.

बाळीला तिच्यापाशीच ठेवायचं ठरलं. निघताना मी केशरला विचारलं, कधी येशील. ती बराच वेळ बाळीच्या टाळूवरचे केस सारखे करत बसली.

“हितं माझ्या अव्वासम्होरं बोललासा, बरं केलंसा. पण माझं नाव हितं गेलं न्हवतं. रामनगरात गेलंय. गिरणीत, नळावर, सगळीकडं. पोर आपटणारी म्हणून. तितं बोलशीला?”

मी हो म्हटलं.

“बोललासा की मला कळंल,” ती म्हणाली. “मग येते.”

२ फेब्रुवारी

गिरणीत सहा बायका होत्या. बायजाही होती. पीठ घेऊन परत आले. बोलले नाही.

घरी येऊन हेरेकरबाईंना कार्ड लिहिलं. विचारलं, ग्लायसिन एवढा गरजेचा, तर मग सगळेच मणी ग्लायसिनचे का नाहीत? बोलायचं राहिलं ते टाळायला मी कार्ड लिहिलं, हे लिहिताना कळत होतं.

९ फेब्रुवारी

नळावर गल्लीतली फुला विचारत होती, “सून कवा येतीया?” मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, “तिच्यापाशी पोर ठिवून आलासा बाई? पोराचं बघा आधी.” मी कळशी उचलली आणि आले. गुंदला मी एवढी उभ्यानं बोलले, ते परक्या गावात. इथं माझा हातच माझं नाव आहे. ते सोडलं तर मी कोण? नळावरची एक विधवा, पुस्तकं वाचणारी. बायका चांगल्या आहेत, पण हसतात.

परशू माझ्याशी कामापुरतं बोलतो. दर रविवारी गुंदला जातो.

१४ फेब्रुवारी

बाईंचं उत्तर आलं. कार्ड नाही, चांगलं दोन पानी पत्र. माझ्यासारखीनं विचारलं म्हणून त्यांना आनंद झालेला दिसतो.

लिहितात: सगळेच पीळ एका जातीचे नसतात. केसात आणि लोकरीत एकेका धाग्याचा आपल्याआपणच पीळ पडतो, गोल जिन्यासारखा. तो वेगळा. त्या जिन्याला ॲलनिन नावाचा मणी फार मानवतो. तिथं ग्लायसिन आला तर जिना डळमळतो, कारण तो इतका लहान आणि मोकळा की एका जागी ठरतच नाही. प्रोलिन नावाचा मणी याच्या उलट, अंगानं ताठ. तो जिन्याच्या मध्ये आला की तिथं जिना वाकतो किंवा मोडतो. पण हाडाच्या तिपेडी दोरात ग्लायसिनवाचून चालत नाही, आणि प्रोलिनचा ताठपणाच धाग्याला वळण धरून ठेवायला लागतो. ‘म्हणून कुठला मणी चांगला असं विचारू नका. कुठल्या पिळात, कितव्या जागी, ते विचारा.’

मी हे चार वेळा वाचलं. ह्यांना दाखवलं असतं.

डेपोत ह्यांना लोक कामचुकार म्हणायचे, ओझं उचलत नाहीत म्हणून. मीही एकदा चिडून वहीत लिहिलं होतं: लाकडाच्या डेपोत नोकरी आणि काटकी उचलवत नाही. त्यांनी वाचलं आणि खाली लिहिलं: उचलली तर मी मोडतो. मला तेव्हा तो विनोद वाटला होता. मी हसले होते. तेही हसले होते.

केशरला मी घरात आल्यापासून मऊ, बिनकामाची समजत होते. ताठपणा म्हणून नाही. पण अंगणात एवढ्या माणसांसमोर ती जे बोलली ते मऊ माणसाचं बोलणं नव्हतं. दूध ओघळत असताना ती बसमध्ये बसून बाळीला कसं उचलायचं ते मला सांगत होती. माणसांना मण्यांच्या मापानं मोजणं बरोबर नाही, बाईंनी ते त्यासाठी लिहिलेलं नाही. तरी लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फुलाच्या सुनेला मुलगा झाला. बारावा दिवस. दुपारी फुला आणि बायजा दोघी दारात आल्या, तेलाची वाटी घेऊनच. पायरीवर आणखी दोघी-तिघी.

“इंदाक्का, चला. पाणी तापलंय. तुमचा हात लागला की पोर कसं दगडासारखं व्हतंय.”

मी पाय पुसत होते. पुसायचं थांबवलं. म्हटलं, “फुला, मी येणार नाही. आमच्या बाळीची तीन हाडं माझ्या हातानं मोडली. मांडी, दंड, नडगी. न्हाऊ घालताना. केशरनं कधी आपटलं नाही. एकदासुद्धा नाही. तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि मला कळल्यावरही मी महिनाभर ते चालू दिलं.”

मग फुलानं वाटी पदराखाली घेतली.

“म्हंजे आमच्या पोरांस्नीबी काय झालं असंल?”

“नाही. आमच्या घरात हाडांचा रोग आहे. ह्यांना होता, परशूला थोडा आहे, बाळीला जास्त. तुमच्या पोराला नसेल. पण तुझी सून सांगेल तेवढाच जोर लाव. ती हळू म्हणाली की हळू.”

“सुनंचं ऐकू व्हय मी आता?” फुला म्हणाली. मागची एक हसली. फुला गेली. तिच्यामागं बाकीच्या.

बायजा राहिली. “कशाला गे बोललीस इंदाक्का? कुणाला कळनार होतं?”

“केशरला,” मी म्हटलं.

“ती तर तितं, गुंदला.”

“आणि गल्लीत तू सांगितलंस ते मी ऐकत बसले होते. आता हे पण सांग.”

बायजाचा चेहरा उतरला. तिचं मन वाईट नाही. उंबऱ्यावर थोडी टेकली, चुन्याची डबी काढली, न खाता परत ठेवली. “सांगते,” म्हणाली. “सांगायचं काम माझंच हाय न्हवं?”

संध्याकाळी परशूनं विचारलं, “आये, फुलाक्काकडं गेली न्हाईस?” मी सांगितलं. तो गोठ्यात गेला. थोड्या वेळानं माझी राहिलेली दावी वळून आणून ठेवली.

१ मार्च

फुलाच्या नातवाला तिची विहीणच न्हाऊ घालते, असं ऐकलं. मला कुणी बोलावलं नाही. पुढच्या गल्लीतही एक मूल झालं, तिथूनही नाही. सकाळी हात रिकामे राहतात. तेल लावायची सवय इतकी, की आज वाटी तापवायला ठेवली आणि परत उतरवली.

गिरणीत मात्र दोघी-तिघी केशरची चौकशी करत होत्या. “येऊ दे की आता, बिचारी,” असं म्हणत होत्या. ही तीच तोंडं.

६ मार्च, शुक्रवार

केशर आली. निरोप नाही, काही नाही. दुपारच्या बसनं लखूबरोबर उतरली, बाळी परडीत, परडीत जुनं गोधडं दुमडलेलं. मी पुढं झाले आणि थांबले. घ्यावं की नाही ते कळेना. केशरनं परडी माझ्याकडे दिली नाही, पण दार उघडायला मला पुढं जाऊ दिलं. बाळीचा पाय जुळलाय, जरा वाकडा. हाताचं प्लास्टर उतरलंय. तिनं मला ओळखलं नाही.

७ मार्च

सकाळी केशरनं पीठ मळायची मोठी लाकडी काटवट न्हाणीत आणली, तीत गोधडं अंथरलं, वर धुतलेलं धोतर घातलं. बाळीला एक तळवा डोक्याखाली, एक खाली घेऊन त्यात ठेवलं. तेल बोटांच्या टोकानं, कळीला लावावं तसं. मी दाराशी उभी होते. पदर पिळत होते की काय ते आता आठवत नाही.

“आत्ती, तितं काय उभ्या ऱ्हायलासा? पाणी घाला की.”

मी तांब्या भरला. पाणी मनगटावर घेऊन बघितलं. “कुठनं घालू?”

“पायाकडनं. सावकाश.”

मी घातलं. आधी पायांवर, मग पोटावर. एक तांब्या, दुसरा, तिसरा. बाळीनं पाय थोडे हलवले, पाण्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. मी थांबले. पण ती रडत नव्हती. आवाज काढत होती, पाण्याशी बोलल्यासारखा.

तिला पाणी आवडतं. हे मला आजवर माहीत नव्हतं.